गिरडचे शेख फरीदबाबा

आपल्या वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचे गाव आहे. तिथे एका टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. दूरदूरचे लोक तिथे नवस फेडायला जातात. पण बाबा कोण होते, कुठले होते, हे पुष्कळांना माहीत नसते. म्हणून मी त्यांची माहिती देत आहे.

बाबांची गोष्ट समजायला आधी थोडे मागे जायला पाहिजे. सन ५७० च्या सुमारास अरबस्तानात मक्का शहरात महंमद पैगंबरांचा जन्म झाला. देव एकच आहे आणि त्याच्यापुढे सगळी माणसे सारखी आहेत, अशी शिकवण त्यांनी दिली. मक्केच्या लोकांनी त्यांना फार त्रास दिला, म्हणून ६२२ साली ते मदिना शहरात गेले. तेव्हापासून हिजरी सन मोजतात. ६३२ साली ते वारले. पुढच्या शंभर वर्षांत त्यांचा धर्म तिकडे स्पेन आणि इकडे सिंधपर्यंत पोचला. कुठे फौजा गेल्या, कुठे व्यापारी गेले. ७६२ साली बगदाद शहर वसले. तिथे विद्वान लोकं जमले. त्यांनी ग्रीक आणि संस्कृत पुस्तके अरबी भाषेत आणली. आपल्या देशातले अंक आणि शून्यसुद्धा ते शिकले. त्यांच्याकडून हे अंक युरोपात गेले. म्हणजे साऱ्या जगाचे गणित आपल्या अंकांवर चालते, आणि ते तिकडे नेले अरबांनी.

याच धर्मात सूफी नावाचे फकीर झाले. त्यांना राज्य नको होते. ते गरिबांत राहत आणि देवाचे नाव घेत. फरीदबाबा असेच सूफी फकीर होते.

बाबांचा जन्म सन ११७५ च्या सुमारास मुलतानजवळ झाला. ते गाव आता पाकिस्तानात आहे. त्यांच्या मायची एक गोष्ट सांगतात. लहानपणी फरीदने रोज नमाज पढावी म्हणून माय चटईखाली साखर ठेवायची. नमाज झाली की त्याला साखर सापडायची. एक दिवस माय साखर ठेवायला विसरली. तरी चटईखाली साखर निघालीच! तेव्हापासून त्यांना गंजशकर म्हणू लागले. आपल्याकडे गंज म्हणजे पुष्कळ, आणि दूध तापवायचा गंजही असतो. पण फारशी भाषेत गंज म्हणजे खजिना. गंजशकर म्हणजे साखरेचा खजिना.

मोठेपणी त्यांनी दिल्लीचे कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांना गुरू केले. काकींचे गुरू म्हणजे अजमेरचे ख्वाजा मोइनुद्दीन चिश्ती. पुढे बाबा सतलज नदीकाठी अजोधन गावी राहिले. घरात मीठ नसले तर ते रानातली फळे अळणीच शिजवून खात. एकदा दिल्लीचा सरदार बल्बन याने रोख पैसे आणि चार गावांची सनद आणली. बाबांनी पैसे फकिरांना वाटून टाकले आणि गावे परत केली. त्यांच्याकडे मुसलमान यायचे तसे योगीही यायचे. ते सगळ्यांशी बोलत. ते पंजाबी बोलीत कविता करीत. त्यांच्या कविता शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

एकदा एका माणसाने बाबांना कात्री भेट दिली. बाबांनी ती घेतली नाही. त्यांनी सुई मागितली. कारण कात्री कापते आणि सुई जोडते. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

आपल्याकडे लोक मानतात की बाबा तीस वर्षे फकीर होऊन फिरले आणि फिरत फिरत गिरडला आले. सन १२४४ च्या सुमारास ते आले, असे जुन्या सरकारी गॅझेटियरमध्ये लिहिले आहे. गिरडच्या टेकडीवर सुपारीसारखे, नारळासारखे गोल गोल दगड सापडतात. त्याचीही गोष्ट आहे. दोन व्यापारी माल घेऊन चालले होते. त्यांनी बाबांची थट्टा केली. मग त्यांचा सगळा माल दगड झाला! ते रडू लागले आणि त्यांनी माफी मागितली. बाबांनी वाळलेल्या पानांचा नवा माल करून दिला. मग ते व्यापारी घरी गेलेच नाहीत, बाबांची सेवा करत तिथेच राहिले.

ही झाली गोष्ट. शास्त्र असे सांगते की फार फार वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला होता. त्यात हवेची पोकळी राहिली आणि तिच्यात खनिज भरून असे गोटे तयार झाले. पण गोष्टीतला बोध खराच आहे. दुसऱ्याची थट्टा करू नये, आणि कोणी चुकला आणि त्याने माफी मागितली तर त्याला माफ करावे.

बाबा सन १२६५ च्या सुमारास अजोधनला वारले. त्या गावाला आता पाकपट्टन म्हणतात. त्यांची कबर तिथे आहे. पण गिरडची टेकडीही लोकांना तेवढीच प्यारी आहे. तिथे हिंदू जातात आणि मुसलमानही जातात. पायऱ्या चढताना कोणी कोणाला जात विचारत नाही.

आपल्या वर्गातसुद्धा आपण कात्री होऊ नये, सुई व्हावे. अशा या थोर संताला माझे कोटी कोटी प्रणाम.