भामिनीचा साज

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात १२ मार्च १९११ ही तारीख दोन कारणांनी कायमची कोरली गेली आहे. त्या दिवशी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग केला आणि त्याच दिवशी या नाटकाची नायिका रंगवणाऱ्या नारायण श्रीपाद राजहंस यांची तान्ही मुलगी दगावली. प्रयोग पुढे ढकलण्याची मंडळीच्या चालकांची तयारी होती. नारायणरावांनी मात्र त्याला नकार दिला. अवघ्या बावीस वर्षांचा तो बाप रंगपटात जाऊन बसला, चेहऱ्याला रंग लावला, भरजरी वस्त्रे आणि दागिने ल्याला आणि धनाढ्य घरच्या मानी भामिनीच्या रूपात प्रेक्षकांसमोर उभा राहिला. आपल्या घरात काय घडले आहे, याची सावलीही त्याने त्या साजावर पडू दिली नाही.

हे नारायणराव म्हणजेच बालगंधर्व. जन्म २६ जून १८८८ चा. बालवयातील त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी दिलेली ही उपाधी पुढे त्यांचे नावच बनली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे पाठबळ त्यांना लाभले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेने त्यांच्या कारकिर्दीला सुरुवात झाली. १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर गेल्यापासून त्या मंडळीला तशा तोलाचा स्त्रीभूमिका करणारा गायक नट मिळाला नव्हता. घरंदाज स्त्रियांनी रंगमंचावर पाऊल ठेवणे समाजाला मान्य नसल्याचा तो काळ. त्यामुळे नायिका पुरुषानेच उभी करायची आणि तीही अशी, की पाहणाऱ्याला पुरुषाचा विसर पडावा. त्यात गळ्याइतकेच महत्त्व वेशभूषेला होते.

‘मानापमान’ हे नाटकच मुळी वेशभूषेभोवती फिरते, असे म्हटले तरी चालेल. संपत्तीचा गर्व असलेली भामिनी शूर पण निर्धन सेनापती धैर्यधराला नाकारते. दागिन्यांनी मढलेला भित्रा लक्ष्मीधर हे या नाटकातले हास्याचे निधान. पुढे हीच भामिनी श्रीमंतीचा साज उतरवून साध्या वनमालेच्या वेशात धैर्यधराला जवळून पाहते आणि तिचे डोळे उघडतात. म्हणजे पहिल्या प्रयोगाच्या त्या रात्री बालगंधर्वांना एका वेशावर दुसरा वेश चढवायचा होता आणि दोन्हींच्या खाली स्वतःचे दुःख झाकायचे होते. गोविंदराव टेंबे यांच्या चालींनी आणि या गायनाने नाटक गाजले. नानासाहेब जोगळेकरांचा धैर्यधर आणि गणपतराव बोडसांचा लक्ष्मीधरही रसिकांनी उचलून धरला.

युरोपात ऑपेराच्या पहिल्या प्रयोगाला प्रेक्षक नटूनथटून जात आणि तो पोशाख हाही त्या सोहळ्याचाच एक भाग असे. मराठी संगीत नाटकालाही मंडळी ठेवणीतले कपडे घालून येत, पण इथे सर्वांच्या नजरा खिळलेल्या असत त्या रंगमंचावरील नायिकेच्या पेहरावावर. बालगंधर्वांची नऊवारी नेसण्याची ढब, पदराची ठेवण, अंबाडा आणि त्यावरचा गजरा यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करू लागल्या. ज्या समाजाने स्त्रीला रंगमंचावर येऊ दिले नाही, त्याच समाजातील स्त्रीने नटावे कसे, हे एका पुरुषाकडून शिकावे, हा काळाचा मोठाच विरोधाभास म्हणायला हवा.

जोगळेकरांच्या निधनानंतर किर्लोस्कर मंडळीत मतभेद वाढले. १९१३ मध्ये बालगंधर्व, बोडस आणि टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१६ मध्ये आलेल्या ‘स्वयंवर’ने मंडळीच्या वैभवाला कळस चढवला. भास्करबुवा बखले यांचे संगीत आणि बालगंधर्वांची रुक्मिणी हा योग रसिकांना वेड लावून गेला. आता मालकच स्वतः असल्याने साजशृंगाराला आवर घालणारे कोणी उरले नव्हते. उंची शालू, खरे दागिने, किमती अत्तरे यांवर पैसा पाण्यासारखा वाहू लागला. १९२० च्या ‘द्रौपदी’साठी उभारलेल्या मयसभेच्या देखाव्याचा खर्च तर मंडळीच्या आवाक्याबाहेरचा होता. प्रेक्षक हे मायबाप आणि त्यांच्यापुढे खोटे काही ठेवायचे नाही, ही बालगंधर्वांची श्रद्धा होती. हिशेबाच्या वहीला ती मानवणारी नव्हती.

तथापि, त्यांना केवळ भरजरीचाच सोस होता असे समजणे अन्यायाचे ठरेल. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच, रंगभूमीवर आले. त्यातील सिंधू ही दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या संसारातील गृहिणी. जात्यावर दळण दळून लेकराला जगवणाऱ्या या स्त्रीसाठी बालगंधर्वांनी शालू आणि दागिने बाजूला ठेवले आणि जुनेर अंगावर घेतले. त्या साध्या वेशातही प्रेक्षकांची नजर त्यांच्यावरून हटली नाही, उलट सभागृहात हुंदके ऐकू येत. वस्त्र हे मिरवण्यासाठी नसून त्या व्यक्तिरेखेचे सत्य आहे, याची जाण असल्याशिवाय हे साधत नाही.

८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये ते पुन्हा भामिनी झाले. समोर धैर्यधर म्हणून ललितकलादर्शचे केशवराव भोसले होते. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या दोन गायकांना एकत्र ऐकण्यासाठी गर्दी लोटली. पण त्याच सुमारास गंधर्व मंडळी कर्जाच्या खाईत सापडली होती. बालगंधर्वांनी ते कर्ज स्वतःच्या शिरावर घेतले आणि प्रयोगांमागून प्रयोग करत १९२० चे दशक सरता सरता ते फेडले. चाहत्यांच्या मदतीवर हात झटकून मोकळे होणे त्यांना पटले नाही. मात्र वैभवाला कात्री लावणेही त्यांना शेवटपर्यंत जमले नाही.

पुढे काळच बदलला. बोलपट आले. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ने स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करण्याचा मार्ग प्रशस्त केला. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व संत एकनाथ झाले. स्त्रीवेश उतरवून कॅमेऱ्यासमोर उभे राहणे त्यांना रुचले नाही. समोर प्रेक्षक नाहीत, तर गायचे कुणासाठी, हाच त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले, पण ओसरत चाललेले वैभव काही परतले नाही. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले तेव्हा ते थकले होते. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला त्यांच्याच हस्ते १९६२ मध्ये बसवली गेली होती. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या जयंतीला, ते खुले झाले तेव्हा ते पाहायला ते नव्हते. या रंगमंदिरासाठी चित्रकार गोपाळ देऊसकर यांनी त्यांची दोन तैलचित्रे रंगवली. एक साध्या पुरुषी वेशातील नारायणराव, दुसरे स्त्रीवेशातील नायिका. यांतले खरे कोणते, याचे उत्तर १९११ च्या त्या रात्री रंगपटात मिळाले असते. मुलीसाठी रडणारा बाप खरा होता आणि ठरल्या वेळी पडद्यापुढे उभी राहिलेली भामिनीही तितकीच खरी होती.