सुगरण आणि सलीम अली

पावसाळ्यात पालघर-बोईसर पट्ट्यात फिरताना शिंदीच्या झाडाला लटकलेली सुगरणीची घरटी तुम्ही बघितलीच असतील. नाव सुगरण, पण घरटं विणतो नर! या पक्ष्याच्या संसाराचा छडा लावला डॉ. सलीम अलींनी, आणि तोही नोकरी गेली म्हणून.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. आई-वडील लवकर गेले, मामांनी वाढवलं. लहानपणी एअरगनने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कुठली, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथे मिलार्डसाहेबांनी पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि हा शिकारी पोरगा पक्ष्यांच्या नादी लागला तो कायमचा. गणिताची मात्र धास्ती! कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात धंद्याला गेले. (एम-थ्री राहिलेल्यांनी नोंद घ्यावी.)

१९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नोकरी मिळाली. पुढे बर्लिनला शिकून १९३० मध्ये परत आले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. मग पत्नी तेहमिनासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे जवळच सुगरणींची वसाहत होती. रिकामटेकडा माणूस तासन्‌तास बघत बसला. नर घरटं अर्धवट विणून थांबतो. मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तरच तो पुरं करतो. मादी अंड्यांवर बसली, की हे महाशय दुसरं घरटं आणि दुसरी मादी शोधायला मोकळे! १९३१ मध्ये हे छापून आलं आणि त्यांचं नाव झालं.

पुढची पुस्तकं, पद्मविभूषण, राज्यसभा हे सगळ्यांना माहीत आहे. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. अभ्यासासाठी त्यांनी स्वतः पुष्कळ पक्षी मारले आणि ते कधी लपवलं नाही. पण बंदुकीने मेलेला पक्षी एकच असतो, अधिवास गेला की सगळेच जातात. म्हणूनच केरळातल्या सायलेंट व्हॅलीत जलविद्युत धरण होऊ नये म्हणून म्हातारपणी तेही उभे राहिले. १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. २० जून १९८७ ला ते गेले.

आपल्याकडे काय? १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. त्याला लागूनच तारापूर एमआयडीसी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात ती देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत सर्वांत प्रदूषित ठरली. सुगरणीला विणायला भाताची किंवा उंच गवताची पाती लागतात, टांगायला शिंदी-बाभूळ आणि पिल्लांना भरवायला किडे. यातलं एक गेलं तरी वसाहत उठते.

हॉस्टेलमागच्या विहिरीवरच्या शिंदीला यंदा अकरा घरटी मोजली, त्यातली चार अर्धवट. पलीकडच्या भातशेतात मुरूम टाकायला डंपर येऊ लागले आहेत.