काट्यातून उमगलेले रहस्य

पायात काटा मोडला, की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, ठणकू लागते आणि कधी कधी तेथे पू धरतो. हा अनुभव लहानथोर सर्वांचाच आहे. शतकानुशतके वैद्यांनी ही सूज पाहिली, तिच्यावर लेप लावले, पोटिसे बांधली; परंतु ती सूज म्हणजे शरीराने आपल्या संरक्षणासाठी मांडलेले युद्ध आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. ते ज्यांनी प्रथम दाखवून दिले, ते वैद्य नव्हते. ते प्राणिशास्त्राचे अध्यापक होते. त्यांचे नाव इल्या मेचनिकॉव्ह.

मेचनिकॉव्ह यांचा जन्म इ. स. 1845 च्या मे महिन्यात खार्किव्ह नगराजवळच्या एका खेड्यात झाला. हा प्रदेश आज युक्रेन देशात मोडतो. त्या काळी तेथे रशियाच्या झारची सत्ता होती. वडील झारच्या सैन्यात अधिकारी होते. पाच भावंडांत इल्या सर्वांत धाकटा. पानासोव्का येथील आपल्या वडिलोपार्जित वाडीत हा चंचल मुलगा दिवसभर फुले, किडे आणि बेडूक यांच्या मागे भटकत असे. मिळवलेले ज्ञान स्वतःजवळ ठेवणे त्याला जमत नसे. तो भावंडांना आणि गावातील मुलांना गोळा करून वनस्पतींवर व्याख्याने देई आणि श्रोते उठून जाऊ नयेत म्हणून आपल्या खाऊच्या पैशांतून त्यांना चक्क मोबदला देई !

मोठेपणी वैद्य व्हावे असे इल्याच्या मनात होते. परंतु आईने त्याचा स्वभाव नेमका ओळखला होता. इतक्या हळव्या मनाच्या मुलाला रोग्यांच्या यातना पाहवणार नाहीत, असे तिने त्याला समजावले. त्याने आईचा शब्द मानला आणि खार्किव्हच्या विद्यापीठात निसर्गविज्ञानाचा अभ्यास आरंभला. चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने अवघ्या दोन वर्षांत पुरा केला. पुढील शिक्षणासाठी तो जर्मनीस गेला. तेथे गीसेन येथे इ. स. 1865 मध्ये एका चपट्या कृमीचे निरीक्षण करीत असता त्याला एक नवल दिसले. त्या कृमीच्या शरीरातील पेशी अन्नाचे कण आपल्या पोटात ओढून घेत आणि तेथेच पचवीत. ही लहानशी गोष्ट त्या वेळी त्याने टिपून ठेवली. तिचे खरे मोल कळण्यास आणखी सतरा वर्षे जावी लागली.

मायदेशी परतल्यावर मेचनिकॉव्ह यांची विद्वत्ता लवकरच प्रसिद्धीस आली. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, इ. स. 1870 मध्ये, ओदेसा येथील विद्यापीठात ते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. परंतु घरी मात्र दुर्दैव ठाण मांडून बसले होते. त्यांची पत्नी लुडमिला क्षयाने आजारी होती. विवाहाच्या दिवशीच ती इतकी अशक्त होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. चार वर्षे मेचनिकॉव्ह यांनी तिची शुश्रूषा केली. हवापालटासाठी तिला दूरच्या मदैरा बेटावर नेले. कशाचाही उपयोग झाला नाही. इ. स. 1873 च्या एप्रिलमध्ये ती निवर्तली.

या आघाताने मेचनिकॉव्ह पार खचले. डोळे दुखू लागल्याने सूक्ष्मदर्शकातून पाहणेही अशक्य झाले होते. जगण्यात काही अर्थ उरला नाही, असे त्यांना वाटू लागले. अशा मनःस्थितीत जिनीव्हा येथे एका रात्री ऱ्होन नदीवरील पुलावरून जाताना त्यांना दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडे दिसले. हे किडे इतके अल्पायुषी. मग त्यांच्या बाबतीत डार्विनचा नैसर्गिक निवडीचा नियम कसा लागू पडत असेल, असा प्रश्न त्यांच्या मनात सहज उभा राहिला. त्या प्रश्नाचा विचार करता करता ते आपले दुःख काही काळ विसरले. जिज्ञासेने त्यांना पुन्हा जीवनाकडे ओढून आणले. इ. स. 1875 मध्ये त्यांनी ओल्गा या बुद्धिमान तरुणीशी विवाह केला. पुढे आयुष्यभर तिने त्यांना घरात आणि प्रयोगशाळेत साथ दिली. त्यांच्या निधनानंतर त्यांचे चरित्रही तिनेच लिहिले.

इ. स. 1881 मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली. त्यानंतर देशात दडपशाही वाढली आणि विद्यापीठातील वातावरण बिघडले. तेथील कलहांना कंटाळून मेचनिकॉव्ह यांनी इ. स. 1882 मध्ये आपल्या पदाचा राजीनामा दिला आणि पत्नी व तिची धाकटी भावंडे यांसह ते इटलीतील सिसिली बेटावर, मेसिना येथे जाऊन राहिले. मेसिनाच्या समुद्रात नाना प्रकारचे जलचर विपुल होते. घरातील एका खोलीत त्यांनी आपली छोटी प्रयोगशाळा मांडली.

त्या वर्षीच्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. घरची सारी मंडळी सर्कशीतील वानरांचे खेळ पाहण्यास गेली होती. मेचनिकॉव्ह एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसून ताराकृती समुद्रप्राण्याचे, म्हणजे तारामाशाचे, पिल्लू न्याहाळीत होते. हे पिल्लू काचेसारखे पारदर्शक असते. त्याच्या अंगात इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी स्पष्ट दिसत होत्या. एकाएकी त्यांच्या मनात कल्पना चमकली. या फिरत्या पेशी केवळ अन्नच पचवीत असतील काय ? बाहेरून शिरलेल्या शत्रूवरही त्या धावून जात नसतील काय ? तसे असेल, तर या पिल्लाच्या अंगात काटा खुपसला असता, माणसाच्या बोटात काटा मोडल्यावर जसे घडते, तसेच येथेही घडले पाहिजे.

त्यांना खोलीत स्वस्थ बसवेना. ते येरझारा घालू लागले. विचार जुळवण्यासाठी समुद्रकाठीही जाऊन आले. मग घराच्या बागेतून त्यांनी गुलाबाचे काही काटे तोडून आणले आणि ते पिल्लांच्या त्वचेखाली हलकेच खुपसले. त्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. भल्या पहाटे उठून ते सूक्ष्मदर्शकाकडे धावले. पाहतात तो काय, प्रत्येक काट्याभोवती फिरत्या पेशींनी दाट कडे केले होते ! तारामाशाच्या या पिल्लाला रक्तवाहिन्या नसतात, मज्जासंस्थाही प्रगत नसते. तरीही तेथे पेशी जमल्या होत्या. याचा अर्थ, त्या स्वतःच शत्रूचा माग काढीत आल्या होत्या.

जर्मनीतील ख्यातनाम शास्त्रज्ञ रूडोल्फ फिर्खो त्या सुमारास मेसिना येथे आले होते. त्यांनी हे प्रयोग पाहून मेचनिकॉव्ह यांना उत्तेजन दिले; पण सावधपणे पुढे जाण्याचा सल्लाही दिला. कारण रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना उलट शरीरभर वाहून नेतात, असे त्या काळच्या वैद्यांचे मत होते. व्हिएन्ना येथील प्राणिशास्त्रज्ञ कार्ल क्लाउस यांनी या पेशींसाठी ग्रीक भाषेतून नवे नाव सुचवले. त्याचा अर्थ भक्षक पेशी असा आहे. इ. स. 1883 मध्ये मेचनिकॉव्ह यांनी आपला सिद्धांत प्रसिद्ध केला.

परंतु काटा म्हणजे काही रोगजंतू नव्हे. म्हणून त्यांनी पाणपिसू या डबक्यातील इवल्याशा जिवावर प्रयोग केले. पाणपिसूचे शरीरही पारदर्शक असते. एका जातीच्या बुरशीचे सुईसारखे टोकदार बीजाणू अन्नाबरोबर तिच्या पोटात जातात आणि आतड्याची भिंत भेदून शरीरात घुसतात. घुसताक्षणी भक्षक पेशी त्यांना घेरतात आणि त्यांचा चुराडा करतात. पेशींची सरशी झाली, तर पाणपिसू जगते. बीजाणूंची सरशी झाली, तर ती मरते. जय आणि पराजय, आरोग्य आणि मृत्यू यांचा हा संग्राम मेचनिकॉव्ह यांनी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला.

तथापि विद्वानांचे जग हा सिद्धांत स्वीकारण्यास तयार नव्हते. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्यासारखे जंतुशास्त्राचे अध्वर्यू त्यांच्या विरुद्ध मताचे होते. बर्लिनला जाऊन मेचनिकॉव्ह यांनी कॉख यांना आपले नमुने दाखवले; परंतु त्यांना निराश होऊनच परतावे लागले. इकडे ओदेसा येथे इ. स. 1886 मध्ये जंतुशास्त्राची एक प्रयोगशाळा त्यांच्या देखरेखीखाली सुरू झाली होती. पण ते वैद्य नाहीत, म्हणून स्थानिक वैद्यांनी त्यांना सतत विरोध केला. त्यातच मेंढ्यांना फाशी रोगाची लस टोचण्याच्या कामात चूक होऊन पुष्कळ मेंढ्या दगावल्या. ही चूक मेचनिकॉव्ह यांच्या हातून घडली नव्हती, तरी दोष त्यांच्या संस्थेच्या माथी आला. शांतपणे संशोधन करता येईल असे ठिकाण ते शोधू लागले. लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिसला बोलावून आपल्या नव्या संस्थेत प्रयोगशाळा दिली. इ. स. 1888 पासून अखेरपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, पाश्चर संस्था हेच त्यांचे घर झाले.

पॅरिसमध्येही वाद संपला नाही. इ. स. 1890 मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिले, की धनुर्वात आणि घटसर्प यांच्या विषावर मात करणारे द्रव्य रक्तरसात निर्माण होते. ही द्रव्ये पुढे प्रतिपिंडे या नावाने ओळखली गेली. झाले ! दोन पक्ष पडले. एक म्हणे, शरीराचे रक्षण रक्तरस करतो. दुसरा म्हणे, ते पेशी करतात. मेचनिकॉव्ह यांनी प्रत्येक आक्षेपाला नव्या प्रयोगाने उत्तर दिले. आवेशाच्या भरात प्रतिपक्षाच्या म्हणण्यातील तथ्य मान्य करण्यास त्यांनी उशीर लावला, हेही खरे. अखेर इ. स. 1903 मध्ये इंग्लंडमधील ॲल्मरॉथ राइट आणि त्यांचे सहकारी यांनी या वादातील दुवा शोधला. रक्तरसातील काही द्रव्ये जंतूंना चिकटतात आणि त्यामुळेच भक्षक पेशींना ते जंतू गिळणे सोपे जाते. दोन्ही पक्षांच्या हाती अर्धे अर्धे सत्य होते. इ. स. 1908 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि रक्तरसाचा पक्ष मांडणारे पॉल एरलिख या दोघांना विभागून देण्यात आले, हे यथायोग्यच झाले.

मेचनिकॉव्ह यांच्या शिष्यपरंपरेशी मुंबईचेही नाते आहे. ओदेसा येथे त्यांच्या हाताखाली शिकलेले वाल्देमार हाफकिन गुरूंच्या मागोमाग पाश्चर संस्थेत आले. तेथे त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली. इ. स. 1896 मध्ये मुंबईत प्लेगने थैमान मांडले, तेव्हा हाफकिन तेथे आले आणि थोड्याच महिन्यांत प्लेगची लस तयार करून इ. स. 1897 च्या जानेवारीत त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळ येथील हाफकिन संस्था त्यांचेच नाव धारण करते.

उतारवयात मेचनिकॉव्ह यांनी वार्धक्याच्या कारणांचा शोध आरंभला. आतड्यातील काही जंतूंच्या विषाने शरीर लवकर जीर्ण होते, असे त्यांचे मत होते. बल्गेरियातील शेतकरी आंबवलेले दूध पितात आणि दीर्घायुषी होतात, असे ऐकून ते स्वतः नित्यनेमाने तसे दूध घेत. दह्याने आयुष्य वाढते, हे काही सिद्ध झाले नाही. परंतु आतड्यातील जंतूंचा आरोग्याशी निकटचा संबंध आहे, हे आज सर्वमान्य आहे. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेतील तरुण सहकारी रणांगणावर गेले. ओस पडलेली ती जागा पाहून वृद्ध मेचनिकॉव्ह व्यथित झाले. इ. स. 1916 च्या जुलै महिन्यात पॅरिस येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत.

त्यांनी दाखवलेल्या वाटेने विज्ञान आता फार पुढे गेले आहे. शरीराच्या या सैनिकांपैकी बहुतेक हाडांच्या पोकळीतील मज्जेत जन्म घेतात, हे आज ठाऊक आहे. काही भक्षक पेशी रक्तातून गस्त घालतात, तर काही यकृत, फुप्फुसे यांसारख्या अवयवांत ठाणी देऊन बसतात. भक्षण केलेल्या जंतूचे तुकडे त्यांतील काही पेशी लसिकापेशी नावाच्या दुसऱ्या सैनिकांना दाखवतात. त्या लसिकापेशींतील एक वर्ग प्रतिपिंडे निर्माण करतो. दुसरा वर्ग छातीतील थायमस ग्रंथीत शिक्षण घेऊन बाहेर पडतो. आपले कोण आणि परके कोण, याची पारख तेथे होते. या सैन्याला आवर घालणाऱ्या पेशीही असतात. त्या नसत्या, तर सैन्य आपल्याच शरीरावर उलटले असते. या आवर घालणाऱ्या पेशींच्या शोधास इ. स. 2025 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र सर्व शत्रू सहज हार मानत नाहीत. ज्या क्षयाने लुडमिलाचा बळी घेतला, त्याचे जंतू भक्षक पेशींच्या पोटात शिरूनही जिवंत राहू शकतात. त्यांच्याविरुद्धचा लढा अजून चालू आहे.

वैद्य होण्याचा विचार ज्यांनी आईच्या शब्दाखातर सोडला, त्या मेचनिकॉव्ह यांनी साऱ्या वैद्यांना शरीराकडे नव्या दृष्टीने पाहण्यास शिकवले. त्यासाठी त्यांच्यापाशी त्या दिवशी एक सूक्ष्मदर्शक, बागेतील गुलाबाचे काही काटे आणि कधीही न थकणारी जिज्ञासा एवढेच साहित्य होते.