लुई पाश्चर आणि किण्वाची किमया

आपल्या वाशीम जिल्ह्यांत तुरीचें वरण हेंच बहुतेक घरांतील प्रथिनान्न. असें प्रथिन डोळ्यांस न दिसणारे जीवही घडवितात, हें दाखविणाऱ्या लुई पाश्चर यांचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजीं फ्रान्समधील दोल गांवीं झाला. वडील कातडीं कमावीत. १८५४ मध्यें पाश्चर लील येथें प्राध्यापक झाले. तेथें बीटपासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराचा माल बिघडूं लागला, तेव्हां त्यांनीं आंबण्याचा शोध आरंभिला. आंबणें म्हणजे निव्वळ रासायनिक विघटन, असें लीबिगसारखे विख्यात रसायनशास्त्रज्ञ मानीत.

पाश्चर यांनीं पाण्यांत साखर, अमोनियाचा क्षार व किण्वाची राख मिसळून त्यांत किंचित् जिवंत किण्व सोडलें. मिश्रणांत प्रथिन नव्हतें. तरी किण्व वाढलें. क्षारांतील नत्रापासून त्यानें आपलें प्रथिन स्वतःच रचलें होतें!

सप्टेंबर १८५९ मध्यें त्यांची थोरली कन्या विषमज्वरानें वारली. तें दुःख गिळून त्यांनीं १८६० सालीं आपला प्रबंध प्रसिद्ध केला. १८६८ मध्यें अर्धांगवायूनें डावें अंग लुळें पडलें, तरी कार्य थांबलें नाहीं. २८ सप्टेंबर १८९५ रोजीं ते निवर्तले.

पहिल्या महायुद्धांत जर्मनीनें मळी व अमोनियाचे क्षार यांवर किण्व वाढवून तें अन्नांत वापरलें. १९८५ पासून ब्रिटनमध्यें बुरशीचें प्रथिन विकलें जाऊं लागलें. पाऊस हुकला तर तूर जाते. टाकींतील किण्व मात्र पावसाची वाट पाहत नाहीं. तरी त्यासही साखर लागते, आणि ती शेतांतूनच येते, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.