ट्युरिंगचा एका चालीला अर्धा तास

ॲलन ट्युरिंग बुद्धिबळात यथातथाच होता. महायुद्धात ब्लेचली पार्कला जर्मनांचे गुप्त संदेश फोडताना त्याच्या शेजारी ह्यू अलेक्झांडरसारखे कसलेले खेळाडू बसायचे. त्यांच्यापुढे त्याचा काय निभाव लागणार? पळण्यात मात्र तो पटाईत. १९४७ साली त्याने मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पुरी केली. या दोन्ही आवडींतून एक गमतीचा खेळही निघाला: आपली चाल करायची, उठून घराभोवती धावत एक फेरी मारायची, आणि परत येईपर्यंत समोरच्याने चाल केली नसेल तर आपण आणखी एक करायची. दुसऱ्याला विचाराला किती वेळ, ते आपले पाय ठरवणार!

१९४८ मध्ये मित्र डेव्हिड चॅम्परनाउनबरोबर त्याने यंत्रासाठी बुद्धिबळाचे नियम लिहिले. नाव ट्युरोचॅम्प. आपली प्रत्येक चाल बघायची, तिला समोरच्याचं प्रत्येक उत्तर बघायचं. त्यापुढे फक्त जिथे मारामारी चालू आहे तिथेच खोल जायचं. पट शांत झाला की थांबायचं. मला यातली ही थांबण्याची अक्कलच सगळ्यात मोठी वाटते.

पण हे चालवायला कॉम्प्युटर कुठे होता? १९५२ साली मँचेस्टरमध्ये ॲलिक ग्लेनीविरुद्ध डाव झाला, तेव्हा ट्युरिंग स्वतःच यंत्र झाला. कागदावर हिशेब, एकेका चालीला साधारण अर्धा तास. वजीर जाणार असं दिसल्यावर २९ चालींत डाव सोडला. घड्याळ त्या नियमांत नव्हतंच. आजचे प्रोग्रॅम उरलेला वेळ उरलेल्या चालींत वाटतात. आधी एक चाल पुढचं, मग दोन, मग तीन असं बघत जातात, म्हणजे मध्येच वेळ संपला तरी हातात उत्तर असतं. एकच चाल शक्य असेल तर लगेच खेळतात, डाव बिघडतोय असं दिसलं तर जास्त वेळ घेतात.

ट्युरिंगला इथवर पोचता आलं नाही. त्याच वर्षी एका पुरुषाशी असलेल्या संबंधांवरून, जो तेव्हा इंग्लंडात गुन्हा होता, त्याला कोर्टाने दोषी ठरवलं. तुरुंगाऐवजी हार्मोनची इंजेक्शनं. सरकारचं गुप्त कामही बंद झालं. ७ जून १९५४ ला सायनाइडने तो गेला, तेव्हा ४२ वा वाढदिवस सोळा दिवसांवर होता. मँचेस्टरच्या फेरांती यंत्रावर ट्युरोचॅम्प उतरवण्याचं काम अर्धंच राहिलं.

२०१२ मध्ये त्याच्या जन्मशताब्दीला मँचेस्टरमध्येच तेच नियम कॉम्प्युटरवर घातले आणि समोर बसवला गॅरी कास्पारोव्हला. तो १६ चालींत जिंकला.