अंगणात आलेली शाळा

शाळेत न येणाऱ्या मुलाला लोक सहज आळशी म्हणतात. ते मूल का येत नाही, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर शोधण्यात ज्यांनी आपले आयुष्य घालवले, त्या थोर शिक्षिका म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. घरातील वातावरण सुधारक विचारांचे होते. त्या काळी मुली फारशा शिकत नसत, तरीही ताराबाई १९१४ साली बी. ए. झाल्या. पुढे त्या राजकोट येथे शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. त्याच सुमारास भावनगरला गिजुभाई बधेका लहान मुलांना नव्या पद्धतीने शिकवत होते. ताराबाईंनी मानाची नोकरी सोडली आणि १९२३ साली त्या गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या.

ही नवी पद्धत इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांची होती. तिची सुरुवात रोम शहरात मतिमंद मुलांना शिकवताना झाली. ही मुले काही शिकू शकणार नाहीत, असे लोकांना वाटे. माँटेसरी यांनी त्यांना हाताळण्यासाठी साधने दिली आणि प्रत्येकाला त्याच्या गतीने शिकू दिले. त्यांतील काही मुले लिहू-वाचू लागली! मग हीच पद्धत इतर मुलांसाठीही वापरली गेली.

ताराबाई आणि गिजुभाई यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. शहरातील मुले आनंदाने शिकू लागली. पण ताराबाईंचे मन अस्वस्थ होते. ही साधने महाग होती. खेड्यातील गरीब मुलांना ती कोठून मिळणार?

१९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, ताराबाई शहर सोडून बोर्डीला गेल्या. हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. महागड्या साधनांऐवजी त्यांनी शंख, शिंपले, बिया, खडे आणि पाने यांचा उपयोग केला.

बालवाडी सुरू झाली, पण गरीब वस्तीतील मुले तेथे येईनात. ताराबाई त्यांच्यावर रागावल्या नाहीत. मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका वस्तीत जाऊन अंगणातच मुलांना गोळा करू लागल्या. गाणी, गोष्टी आणि खेळ सुरू झाले. हीच अंगणवाडी!

पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरे चारत. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली. काही मुली धाकट्या भावंडांना सांभाळत, म्हणून त्यांना शाळेत येता येत नसे. त्यांच्यासाठी शाळेजवळच पाळणाघर सुरू झाले. प्रत्येकाची अडचण वेगळी होती, म्हणून उपायही वेगळा होता.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. १९७३ साली त्यांचे निधन झाले. १९७५ साली सरकारने लहान मुलांसाठी देशभर एक मोठी योजना सुरू केली. तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

आपल्या वर्गातही कोणाला कमी ऐकू येते, कोणाला फळ्यावरची अक्षरे दिसत नाहीत, तर कोणाची घरची भाषा पुस्तकातील भाषेपेक्षा वेगळी असते. अशा मुलाला हसणे सोपे आहे. त्याला काय हवे, हे विचारणे हीच ताराबाईंची शिकवण आहे.

स्वाध्याय

१. ताराबाईंनी राजकोटची नोकरी का सोडली?
२. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कोणती सोय करण्यात आली?
३. तुमच्या वर्गातील एखाद्या मुलाची अडचण दूर करण्यासाठी तुम्ही काय कराल? पाच ओळी लिहा.