शाळामास्तर दीक्षितांचे आकाश

दिवाळीच्या सुमारास रात्रीच्या पहिल्या प्रहरी वाशीम जिल्ह्यातील जऊळक्याच्या शिवारात उभे राहून पूर्व क्षितिजाकडे पाहिले, तर कृत्तिकांचा झुबका वर येताना दिसतो. परंतु नेमका पूर्वेस नव्हे. पूर्वबिंदूच्या डावीकडे, म्हणजे उत्तरेस, सुमारे २५ अंशांवर तो उगवतो. हात लांब करून धरलेली मूठ आकाशाचा साधारण १० अंश भाग झाकते. तेव्हा हे अंतर अडीच मुठींचे झाले. शतपथ ब्राह्मणात मात्र कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात, अशा आशयाचा उल्लेख आहे. या अडीच मुठींच्या तफावतीवरून त्या ग्रंथाचा काळ ठरवू पाहणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित कोणत्याही वेधशाळेत नोकरीस नव्हते. ते मास्तर होते.

रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या मुरुड येथे १८५३ साली त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकाचे शिक्षण आणि १८७४ मध्ये मॅट्रिक, एवढीच त्यांची शैक्षणिक पुंजी. विद्यापीठाची पदवी त्यांना कधीच मिळाली नाही. पुढे रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि अखेरीस पुन्हा पुणे असा त्यांच्या नोकरीचा प्रवास झाला. बदलीच्या गावी बिऱ्हाड हलवताना काय काय मागे राहते, हे नोकरदार वाचकांस सांगावयास नको. दीक्षितांच्या सामानातून गणिताच्या वह्या मात्र कधी मागे राहिल्या नसाव्यात.

त्यांनी १८९२ मध्ये ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हे पुस्तक लिहिले. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. दिवसभराचे काम आटोपलेल्या सामान्य गृहस्थाने एवढा वेळ अंगणात उभे राहावे आणि डोक्यावर काय चालले आहे ते समजून घ्यावे, इतकीच त्यांची अपेक्षा होती. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा आपण सारे पडद्यासमोर खिळून बसलो होतो आणि तो अभिमान रास्तच होता. पण त्या सायंकाळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे, हे पाहण्यासाठी दाराबाहेर कितीजण आले असतील?

दीक्षितांचा छंद मौजेपुरता राहिला नाही, हे त्यांचे वैशिष्ट्य. गुप्त संवताचा आरंभ कधी झाला, या प्रश्नावर त्या काळी विद्वानांत मोठा वाद होता. पुराभिलेखांचे अभ्यासक फ्लीट यांच्यासाठी दीक्षितांनी शिलालेखांतील तिथी गणिताने पडताळून दिल्या. एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. गणिताने तो दिवस २१ जून ४८४ ठरतो आणि संवताचा आरंभ इसवी सन ३१९-२० च्या सुमारास येतो. वार आणि तिथी यांचा मेळ बसला की वादाला फारशी जागा उरत नाही. रॉबर्ट स्युएल यांच्यासमवेत त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजीत लिहिलेला ग्रंथही इतिहाससंशोधकांच्या नित्य उपयोगाचा ठरला.

१८९६ मध्ये त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कृत्तिकांचा विचार त्यात आला आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे डुलत असतो व सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा पुरा करतो. त्यामुळे ताऱ्यांची उगवण्याची जागा हळूहळू सरकते. हा हिशेब मागे नेला, तर कृत्तिका नेमक्या पूर्वेस उगवत तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांचा येतो. यावर आक्षेपही घेतले गेले, आणि ते पोकळ नाहीत. नुसत्या डोळ्यांच्या निरीक्षणात काही अंशांची चूक सहज होते, आणि एका अंशाची चूक काळाला निदान दीडशे वर्षे पुढेमागे ढकलते. शिवाय जुने निरीक्षण पुढे परंपरेने नोंदले गेले असेल, तर ग्रंथाचा काळ त्यावरून ठरत नाही. तरीही दीक्षितांच्या पद्धतीचे मोल कमी होत नाही. त्यांनी श्रद्धेच्या विषयाला कुणालाही तपासता येईल अशा गणिताच्या कसोटीवर आणले.

पंचांगाच्या बाबतीतही त्यांची हीच वृत्ती होती. विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह त्यांनी सायन पंचांग चालविले. सूर्य उत्तरेकडे वळतो डिसेंबरच्या २१-२२ तारखेस, आणि संक्रांत आपण साजरी करतो जानेवारीच्या मध्यास. ऋतू आणि सण यांची ही फारकत थांबावी, हा त्यांचा आग्रह. लोकांनी तो मानला नाही. २२ मार्च १९५७ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेने सायन वर्ष स्वीकारले खरे, पण ती दिनदर्शिका सरकारी कागदांपलीकडे फारशी गेली नाही.

२० एप्रिल १८९८ रोजी, वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी होण्याआधी, दीक्षितांचे निधन झाले. त्यांच्या इतिहासग्रंथाच्या इंग्रजी अनुवादाचा पहिला भाग १९६९ मध्ये निघाला, दुसरा १९८१ मध्ये. दरम्यान आकाश थांबलेले नाही. त्यांच्या निधनानंतरच्या सव्वाशे वर्षांत कृत्तिका आणखी सुमारे पाऊण चंद्रबिंबाइतक्या उत्तरेस सरकल्या आहेत.